म्हाताऱ्याचे मत

दिवाळीच्या सुट्टीत आमची नात पुण्याहून दुबलगुंडीस आली. येताना तिने आमच्या गुडघ्यास बांधण्यासाठी एक पट्टा आणला आणि स्वतःसाठी एक कोरा अर्ज. पट्टा आम्ही तेव्हाच बांधून पाहिला. अर्जाचे प्रकरण मात्र चार दिवस चालले आणि अखेर या महिन्याच्या सदरात येऊन बसले.

अर्ज मतदारयादीत नाव घालण्याचा होता. सरकारी भाषेत नमुना क्रमांक ६. नातीने वयाची अठरा वर्षे पूर्ण केली आहेत. ती पुण्यास वसतिगृहात राहून अभियांत्रिकीचे शिक्षण घेते. तिचे वडील, म्हणजे आमचे चिरंजीव, हुमनाबादेस नोकरीस असून बिऱ्हाड येथे आमच्याजवळच आहे. शिकावयास परगावी गेलेल्या मुलाने आपले नाव घरच्या गावी घालावे की शिक्षणाच्या गावी, हे त्याच्या इच्छेवर सोडलेले आहे. तेव्हा प्रश्न एवढाच होता की, नाव कोठे घालावयाचे?

आमच्या दृष्टीने हा प्रश्नच नव्हता. बापजाद्यांचे घर जेथे, मत तेथे. नातीचे म्हणणे असे की, ज्या गावचे पाणी आपण पितो आणि ज्या गावच्या रस्त्यावर रोज जीव मुठीत धरून चालतो, त्या गावच्या कारभाराविषयी आपण मत द्यावे. बोलणे वाढत गेले. अर्ज बाजूला राहिला आणि देशाचे राजकारण ओसरीवर आले. एक देश, एक निवडणूक, खंबीर नेतृत्व, भाषा, सीमा, काही म्हणता काही सुटले नाही. प्रत्येक ठिकाणी आम्ही "जरा सबुरीने" म्हणावे आणि तिने कपाळास हात लावावा, असा क्रम चालला. शेवटी ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही पक्के पुराणमतवादी आहात."

शब्द तिने हसत वापरला होता, तरी लागावयाचा तो लागलाच. रात्री झोप आली नाही, आणि पहाटे आम्ही स्वतःशी कबूल केले की, पोरीने चूक काही म्हटले नाही. १९८९ साली मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणणारी ६१ वी घटनादुरुस्ती अमलात आली, तेव्हा "पोरासोरांच्या हाती देश देता काय?" असे चावडीसमोर मोठ्याने बोलणाऱ्यांत आम्हीही होतो. आमचे त्या दिवशी ऐकले गेले असते, तर नातीच्या हातात आज हा अर्जच नसता.

पण पुराणमत हे काही जन्मतः मिळत नाही. ते कसे येते, हे तिला सांगावयाचे राहून गेले. ते येथे सांगतो.

आमचा जन्म १९४४ सालचा. तेव्हा हे गाव निजामाच्या मुलखात होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण आमचे गाव झाले नाही. त्या नोव्हेंबरात निजाम सरकार आणि भारत सरकार यांच्यात 'जैसे थे' करार झाला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबादच्या हद्दीत शिरले आणि १७ तारखेस निजामाने शरणागती जाहीर केली. त्यानंतर मेजर जनरल चौधरी यांचा लष्करी अंमल आला. १९५० च्या प्रजासत्ताकदिनापासून ज्या निजामाविरुद्ध सैन्य आले होते, तोच निजाम राजप्रमुख म्हणून घटनेच्या चौकटीत बसला. १९५२ च्या निवडणुकीनंतर लोकांनी निवडलेले मंत्रिमंडळ हैदराबादेत आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्यच मोडले आणि आम्ही म्हैसूर राज्याचे झालो. १९७३ साली त्याच तारखेला म्हैसूरचे कर्नाटक झाले, आणि २०१९ साली आमच्या भागाचे नाव हैदराबाद कर्नाटक बदलून कल्याण कर्नाटक असे ठेवण्यात आले.

आमच्या आईने आपले घर कधी बदलले नाही. पण तिच्या माथ्यावरून एवढ्या राजवटी गेल्या. आमच्या लोखंडी पेटीत एकाच शेताचे कागद आहेत. सर्वांत जुने उर्दूत, त्यानंतरचे कानडीत, आणि वडिलांच्या हिशेबाच्या वह्या मराठीत. महाराष्ट्रातील वाचक ज्याला सातबारा म्हणतात, त्याला इकडे निजामाच्या काळापासून आजतागायत 'पहाणी' म्हणतात. राज्ये गेली, लिप्या गेल्या. पहाणी हा शब्द तेवढा राहिला. ज्याने असे कागद सांभाळले आहेत, त्याला बदलाची घोषणा ऐकताच प्रथम पेटीची किल्ली आठवते. नवे राज्य येण्याचा त्याला आनंद नसतो असे नाही. या बदलात आपले शेत आपल्याच नावावर राहील ना, एवढी त्याला चिंता असते.

आणि शेतापेक्षाही मोठी चिंता माणसांची. १९४८ सालच्या उन्हाळ्यात या भागात रझाकारांचा उच्छाद चालला होता. कल्याणीजवळच्या गोरटा गावी मे महिन्यात जी कत्तल झाली, तिची आठवण इकडच्या घरांत अद्याप आहे. सैन्य आले तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, तो अगदी खरा होता. पण त्या सुटकेच्या पाठोपाठ जे घडले, ते आमच्या पिढीने आपल्या मुलांना फारसे सांगितले नाही. सूड उगवण्यास निघालेल्या जमावांनी ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता, अशाही असंख्य मुसलमान शेजाऱ्यांचे बळी घेतले. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती दिल्लीहून येऊन हा मुलूख फिरून गेली. मृतांचा आकडा कमीत कमी धरला तरी २७ हजार ते ४० हजारांच्या दरम्यान असावा, असा तिचा अंदाज होता. सर्वांत अधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि नांदेड यांच्याबरोबर आमच्या बिदरचे नाव होते. तो अहवाल अनेक दशके सरकारी कपाटात पडून राहिला.

आम्ही त्या वेळी चार वर्षांचे होतो. आम्हास आठवत काहीच नाही. आईने सांगितलेले तेवढे ठाऊक आहे. शेजारचे एक कुटुंब दोन रात्री आमच्या धान्याच्या खोलीत होते आणि वडील दाराशी घोंगडी टाकून बसले होते. ते काही शूर गृहस्थ नव्हते. त्याच उन्हाळ्यात रझाकारांच्या भयाने ते स्वतः आठ दिवस नातलगांकडे जाऊन राहिले होते. ते पुढे एवढेच म्हणत की, जुना अंमलदार गेलेला असतो आणि नवा अजून आलेला नसतो, त्या दोन रात्रींत माणूस कसा वागेल याचा भरवसा धरू नये. आपलाही धरू नये.

वाचकहो, आमच्या पुराणमताचे मूळ हे आहे. जुने ते सोने, असे आम्ही मानीत नाही. निजामाचे राज्य गेले हे उत्तमच झाले. पण एक व्यवस्था मोडून दुसरी उभी राहीपर्यंत मधे जी पोकळी पडते, तिची किंमत घोषणा देणाऱ्यांना क्वचितच द्यावी लागते. ती धान्याच्या खोलीत बसलेल्यांना द्यावी लागते. म्हणून कोणी "एका रात्रीत देश बदलून टाकू" म्हटले की आमच्या छातीत धस्स होते.

याला पैशाचेच उदाहरण घ्या. निजामाचा स्वतःचा रुपया होता. त्याला हाली शिक्का म्हणत, आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयास कलदार. सात हाली दिले की सुमारे सहा कलदार मिळत. राज्य १९४८ साली गेले, पण हाली नाणे लगेच बाद झाले नाही. ते भारतीय रुपयाच्या शेजारी काही वर्षे चालत राहिले आणि १९५९ साली कायमचे गेले. या अवधीत बाजारच्या बायकांना नवा हिशेब बसला आणि म्हाताऱ्यांची गाडगी सावकाश रिकामी झाली. याच्या उलट ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून पाचशे व हजाराच्या नोटा बाद झाल्या. चलनातील एकंदर रकमेचा ८६ टक्के भाग त्या नोटांत होता. पुढे रिझर्व्ह बँकेनेच २०१८ साली सांगितले की, त्यांतील ९९ टक्क्यांहून अधिक रक्कम परत आली. हेतूविषयी आम्ही काही बोलत नाही. तुरीचा हंगाम तोंडावर आला असता रोजगार चुकता करण्यास हाती नोट नव्हती, एवढे आम्ही पाहिले. राज्य बदलले तेव्हा जी सवड प्रजेला मिळाली, ती राज्य जागेवर असताना मिळू नये, याचे आम्हास नवल वाटले.

आता येथवर वाचून कोणी म्हणेल की, हा गृहस्थ स्वतःस फार शहाणा समजतो. तेव्हा आमचे दोष सांगणे प्राप्त आहे.

पहिला दोष आणीबाणीचा. २५ जून १९७५ च्या रात्री ती आली, तेव्हा आम्ही तरुण शिक्षक होतो, आणि ती आम्हास आवडली. कचेरीत माणसे वेळेवर भेटू लागली, संप थांबले, भाव उतरले असे लोक म्हणू लागले. शिस्तीवर ज्याचे प्रेम, तो शिस्तीच्या नावाने फसतो, आम्ही फसलो. १९७७ च्या मार्चमध्ये उत्तरेत सरकारी पक्षाचा धुव्वा उडाला, पण आमच्या कर्नाटकात त्याने २८ पैकी २६ जागा जिंकल्या. त्या विजयात आमचाही शिक्का होता. तुरुंगात कोण होते आणि का होते, वृत्तपत्रांतील कोरे रकाने कशाचे होते, हे आम्ही नंतर वाचले. पुराणमतवाद्याने जे सर्वांत आधी जपावयाचे, ते कायद्याचे राज्य. आणि तेच जाताना आम्ही घड्याळ पाहत बसलो होतो. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून तेथे 'सशस्त्र उठाव' असे शब्द घातले, आणि मंत्रिमंडळाने लेखी कळविल्याखेरीज राष्ट्रपतींनी अशी घोषणा करू नये असे ठरविले. आमच्या मते गेल्या पन्नास वर्षांतील अत्यंत मोलाच्या सुधारणांपैकी ही एक होय. दाराला कडी घालण्याचे काम कोणास दिसत नाही. चोर आला म्हणजे कळते.

दुसरा दोष बायकांच्या राखीव जागांचा. कर्नाटकाच्या १९८३ च्या कायद्याने पंचायतींत स्त्रियांना चतुर्थांश जागा दिल्या. पुढे १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने देशभर तिसरा हिस्सा दिला. २०१० साली कर्नाटकाने तो निम्म्यावर नेला. प्रत्येक पायरीवर आम्ही म्हटले की, सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा. आरंभी अनेक ठिकाणी तसे झालेही. पण दुसऱ्या-तिसऱ्या निवडणुकीपर्यंत बायका सभेत बोलू लागल्या, आणि पिण्याच्या पाण्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेत शेवटचा असे तो पहिला झाला. आम्ही चुकलो होतो. मात्र एक गोष्ट नातीच्या ध्यानात आणून दिली पाहिजे की, ही सुधारणा रुजली ती चतुर्थांशावरून तृतीयांश आणि तृतीयांशावरून निम्मे अशी जिरत गेली म्हणून. पहाणी संगणकावर गेली तेव्हाही आम्ही असेच कुरकुरलो होतो. आता तालुक्यास जाऊन काही मिनिटांत छापील उतारा मिळतो आणि त्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही. सावकाश जाणारा माणूस उशिरा पोहोचतो, पण पोहोचतो, हे आमच्या बाबतीतही खरे ठरले आहे.

आता नातीच्या आवडत्या विषयाकडे वळू. लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुका एकदम घ्याव्यात, असे माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीने मार्च २०२४ मध्ये सुचविले, आणि त्यासाठीचे घटनादुरुस्ती विधेयक त्या डिसेंबरात लोकसभेत मांडले जाऊन संयुक्त समितीकडे गेले. नातीस वाटते की, यात काळाचा व पैशाचा मोठा बचाव आहे आणि आम्ही केवळ नवे म्हणून नाक मुरडतो. गंमत अशी की, हे नवे नाहीच. १९५२ पासून १९६७ पर्यंत चार वेळा बहुतेक देशात असेच झाले. आमचे पहिले मत १९६७ सालचे. त्या दिवशी आमच्या हाती एकदम दोन मतपत्रिका आल्या होत्या. १९७१ साली लोकसभेची निवडणूक मुदतीच्या वर्षभर आधी झाली, तेव्हा ही जोडी आमच्याकडे फुटली. म्हणजे या बाबतीत जुने हवे म्हणते ती नात, आणि नको म्हणतो तो आजा!

आमची शंका साधी आहे. आमच्यासारख्या आडवळणी गावास पुढाऱ्याचे दर्शन निवडणुकीत होते. लोकसभा, विधानसभा, जिल्हा पंचायत आणि तालुका पंचायत अशा पाळ्या निरनिराळ्या वर्षी आल्या, तर पाच वर्षांत तीन वेळा तरी कोणी येऊन रस्त्याचे खड्डे मोजून जातो. एकदाच यावयाचे झाले, तर तो एकदाच मोजील. आणि सरकार मधेच पडले तर उरलेल्या मुदतीपुरतेच नवे निवडावयाचे, यात मतदाराच्या मतास अर्धी किंमत येते. खर्च होतो हे खरे. पण घराच्या दाराला बिजागरी असते म्हणून दार कुरकुरते. कुरकुर बंद करण्यासाठी कोणी दार भिंतीत चिणून टाकीत नाही. नातीला हे पटले नाही. तिने आकडे काढून दाखविले, आम्ही खड्डे दाखविले. हा वाद अनिर्णित राहिला.

खरी कसोटी निघाली ती चौथ्या दिवशी. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही सगळ्या देशाला सबुरी सांगता. पण आपला सीमेचा प्रश्न? त्याबद्दल तुम्ही कधीच काही का बोलत नाही?"

आपल्या मासिकाच्या वाचकांना हा विषय नवा नाही, आणि त्यावर मतभेद आहेत हेही आम्ही जाणतो. तरी आमचे मत लपवून ठेवण्याचे हे वय नव्हे.

१९५६ साली बिदर जिल्ह्याचे तीन राज्यांत वाटे झाले. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. ते आज लातूर जिल्ह्यात आहेत. नारायणखेड आणि निरणा मंडळ वगळून जहिराबाद तालुका आंध्र प्रदेशात गेला. बिदर, भालकी, हुमनाबाद आणि औराद म्हैसूरला आले. आम्ही बारा वर्षांचे होतो. घरातील वडील माणसे त्या दिवशी जेवली नाहीत, हे आठवते. मावशीचे गाव एकाएकी परराज्यात गेले होते. पुढे सेनापती बापट यांच्या उपोषणानंतर न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला आणि १९६७ साली त्याचा अहवाल आला. आज ना उद्या आपण महाराष्ट्रात जाणार, या आशेवर आमचे तारुण्य गेले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यालाही दोन दशके उलटली.

त्या आशेवर जगणाऱ्यांना आम्ही नावे ठेवीत नाही, आम्ही त्यांतलेच. पण आज आमचे मत असे झाले आहे की, आता ही रेषा हलवू नये. रेषा हलली तरी भाषांची वस्ती सरळ रेषेत नाही. आमच्या गल्लीत एका भिंतीपलीकडे कानडी, दुसऱ्या भिंतीपलीकडे दखनी. लग्नाच्या पत्रिका दोन लिप्यांत छापतात आणि भांडणे तिन्ही भाषांत होतात. जवळच्या माणिकनगरी माणिकप्रभूंनी सकलमत संप्रदाय स्थापिला. प्रभूंची पदे मराठीतही आहेत आणि कानडी-उर्दूतही. कोठेही आखली तरी नवी रेषा कोणा तरी बारा वर्षांच्या पोराच्या मावशीचे गाव परराज्यात टाकणारच.

"म्हणजे मराठीचे जे व्हायचे ते होऊ द्यायचे?" नातीने विचारले.

नाही. आणि येथेच आमच्या पिढीची मोठी चूक झाली, असे आम्हास वाटते. ज्या १ नोव्हेंबर १९५६ रोजी ही रेषा आखली गेली, त्याच दिवशी सातवी घटनादुरुस्ती अमलात येऊन घटनेत ३५० क आणि ३५० ख ही दोन कलमे दाखल झाली. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्याने पुरेशा सोयी कराव्यात, असे पहिले कलम सांगते. दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्यांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली. त्याआधीच्या ३५० व्या कलमाने केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार प्रत्येकास दिलेला होता. १९४९ च्या ऑगस्टात प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी ठरविलेले प्रमाणही होते : एका वर्गात १० किंवा साऱ्या शाळेत ४० मुले त्या भाषेची असली, की त्या भाषेचा शिक्षक द्यावा.

रेषा आणि हमी एकाच दिवशी मिळाली होती. आम्ही सत्तर वर्षे रेषेशी भांडलो. हमी वाचून पाहण्याचे मात्र थोड्यांनाच सुचले. पुराणमतवाद्याचे काम खरे तर हेच, की जे लेखी मिळाले आहे ते गंजू देऊ नये. राज्य बदलून घेण्यास संसद लागते. वर्गात दहा मुले बसविण्यास दहा घरे पुरतात.

हे आम्ही मोठ्या आवेशाने सांगितले. तीस-पस्तीस वर्षे मराठी शाळेत शिकविलेल्या माणसाचा आवेश तो. नात शांतपणे ऐकत होती. मग तिने विचारले, "आजोबा, त्या दहांत माझे बाबा होते का?"

नव्हते.

आम्ही मराठी शाळेत शिक्षक होतो आणि आमच्या मुलास आम्ही बिदरला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले होते. मुलाचे पुढे काय होईल, नोकरीस कानडी लागेल, वर जावयास इंग्रजी लागेल, मराठीने काय होणार, हा त्या वेळचा विचार. तो सर्वस्वी चुकीचा होता, असेही नाही. पण आमच्यासारखा विचार दहा घरांनी केला, आणि आम्ही जेथे शेवटी शिकविले तेथे २००२ साली निवृत्त होताना पहिलीच्या वर्गात सात मुले होती. तो वर्ग पुढे बंद झाला. त्यासाठी आम्ही राज्यास दोष दिला, रेषेस दिला, काळास दिला. घरातील हजेरीपट मात्र कधी काढून पाहिला नाही. देशात काय जपावे हे आम्ही चावडीवर सांगत राहिलो आणि जे आपल्या हातचे होते ते बिदरच्या मोटारीत बसवून पाठविले.

नातीने पुढे काही म्हटले नाही. ती मराठी उत्तम बोलते. वाचताना मात्र जोडाक्षरांशी थांबते. ती थांबली की आम्हास आपला हजेरीपट दिसतो.

अर्जाचा निकाल सांगावयाचा राहिला. तिचे नाव पुण्यासच जाणार. चार दिवसांनी आम्ही आपण होऊन तसे म्हटले. जेथे ती राहते त्या गावाची जबाबदारी तिने घ्यावी हे योग्य आहे, आणि दुबलगुंडीचे मत देण्यास अद्याप आम्ही आहोत. ज्या रेषेसाठी आमच्या वडील माणसांनी अन्न सोडले, ती रेषा ही मुलगी हुमनाबादहून रात्रीच्या बसने झोपेतच ओलांडते आणि सकाळी पुण्यास जागी होते. तिच्या पिढीचे प्रश्न निराळे असणार. खंबीर नेता तिला हवा असेल तर हवा असो. मत देण्यापूर्वी एवढेच विचारावे : हा जे मोडू म्हणतो, त्याच्या जागी काय आणि किती दिवसांत उभे राहील? आणि उभे राहीपर्यंत कोण कोठे झोपेल? हे विचारले तर आमचे पुराणमत तिच्या उपयोगी पडले, असे आम्ही समजू.

जाण्याच्या आदल्या रात्री तिने आमच्याकडून आणखी एक कागद लिहून घेतला. गल्लीतील आणि शेजारच्या वस्तीतील, पुढील जूनमध्ये शाळेत जाऊ शकतील अशा, घरी मराठी बोलणाऱ्या मुलांची ती यादी आहे. आम्ही सांगत गेलो आणि ती आपल्या अक्षरात, जोडाक्षरे दोनदा विचारून, उतरवीत गेली. सहा नावे झाली. आणखी चार घरी जावयाचे आहे, आणि गुडघ्यास आता पट्टा आहे. आईबापांनी होकार दिला तर शिक्षकाच्या मागणीचा अर्ज ३५० व्या कलमाप्रमाणे मराठीत करू. नाही म्हटले, तर त्यांना बोल लावण्याचा अधिकार आम्हास नाही, हे ध्यानात ठेवूनच उंबरठा चढू.

वाचकांस विनंती एवढीच की, देशाच्या भवितव्यावर आम्हास रागावून पत्र लिहिण्यापूर्वी त्यांनी आपापल्या गल्लीत अशी यादी करून पाहावी. दहा भरली की पत्र अवश्य लिहावे. आम्ही वाट पाहत आहोत.